कॅटेकिस्ट म्हणजे नेमकं कोण? चर्चमध्ये श्रद्धा शिकवण्याच्या पाचारणाविषयी, सोप्या भाषेत

पुण्यातल्या मिशनरी शाळांत शिकलेल्या अनेकांना आठवत असेल. आठवड्यातल्या एखाद्या तासाला वर्गाचे दोन भाग व्हायचे. कॅथलिक मुलं वही घेऊन दुसऱ्या खोलीत जायची आणि बाकीच्यांचा मॉरल सायन्सचा तास व्हायचा. पलीकडच्या खोलीत काय चालतं, याचं कुतूहल माझ्या वर्गमैत्रिणींना दहावीपर्यंत होतं. आता मी स्वतः कॅटेकिस्ट म्हणून, म्हणजे धर्मशिक्षिका म्हणून, रविवारी चर्चमध्ये मुलांना शिकवते, तर ऑफिसातल्या मैत्रिणी तेच विचारतात. तू तिथे शिकवतेस काय? नुसत्या बायबलमधल्या गोष्टी का? आणि तू सिस्टर नाहीस, चारचौघींसारखी संसारी बाई आहेस, मग धर्म शिकवायचा अधिकार तुला दिला कोणी?

शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि आमच्या स्वतःच्या लोकांनाही त्याचं उत्तर नीट माहीत नसतं. म्हणून हा लेख.

आधी त्या दोन खोल्यांचं सांगते. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदानुसार सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणून शाळेत ती व्यवस्था. रविवारचा वर्ग वेगळा. त्याचा शाळेशी संबंध नाही, तो धर्मग्रामाचा असतो.

बिशपांच्या अधिकारातला प्रदेश म्हणजे धर्मप्रांत. पुणे धर्मप्रांत १८८६ साली स्थापन झाला. त्याचे लहान लहान भाग म्हणजे धर्मग्राम. बोलताना आम्ही सर्रास पॅरिश म्हणतो. नाना पेठेतलं सिटी चर्च, कॅम्पातलं सेंट झेवियर्स, खडकीचं सेंट इग्नेशियस, अशी ही एकेका पॅरिशची चर्चेस. सिटी चर्च सगळ्यांत जुनं. पेशव्यांच्या सैन्यातल्या कॅथलिकांसाठी सवाई माधवरावांनी जागा दिली आणि १७९२ साली ते उभं राहिलं. प्रत्येक पॅरिशला एक मुख्य धर्मगुरू असतात आणि तिथल्या लोकांना श्रद्धेचं शिक्षण मिळेल हे पाहणं त्यांचं कर्तव्य आहे. ख्रिस्तसभेच्या (म्हणजे कॅथलिक चर्चच्या) कायद्यात, १९८३च्या कॅनन लॉमध्ये, हे ७७६व्या कलमात स्पष्ट लिहिलेलं आहे. त्याच कलमात पुढे असंही आहे की या कामात त्यांनी धर्मभगिनींची आणि प्रापंचिकांची (धर्मगुरू किंवा सिस्टर नसलेल्या साध्या श्रद्धावंतांची), विशेषतः कॅटेकिस्टांची, मदत घ्यावी.

म्हणजे कॅटेकिस्ट हा धर्मगुरूंच्या कामाला हातभार लावणारा, श्रद्धा शिकवण्यासाठी नेमलेला माणूस. पण त्याच कायद्यात दोन कलमं आधी, ७७४व्या कलमात, आणखी एक गोष्ट आहे: मुलांना शब्दाने आणि स्वतःच्या जगण्याने श्रद्धेत वाढवण्याची पहिली जबाबदारी आईवडिलांची आहे. आधी घर, मग वर्ग. आमच्याकडे बहुतेक वेळा हे उलटं होतं. रविवारी गेटपाशी मुलाला स्कूटरवरून उतरवायचं आणि तासाभराने न्यायला यायचं. ज्या मुलाने घरात कोणाला गुडघे टेकलेलं कधी पाहिलं नाही, त्याला आठवड्यातल्या एका तासात प्रार्थना शिकवणं किती अवघड आहे, हे शिकवायला उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

शिकवायचं काय?

गोष्टी तर सांगतोच, पण त्याला एक सांगाडा आहे आणि तो फार जुना आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतर १५६६ साली जो रोमन कॅटेकिझम, म्हणजे श्रद्धेच्या शिकवणीचं अधिकृत पुस्तक, निघाला, त्याचे चार भाग होते. १९९२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जगभरच्या कॅथलिकांसाठी जो नवा कॅटेकिझम दिला, त्याचेही तेच चार भाग, त्याच क्रमाने. पहिला विश्वासांगीकार, म्हणजे आपण कोणावर आणि कशावर विश्वास ठेवतो. दुसरा संस्कार: बाप्तिस्मा, ख्रिस्तप्रसाद, दृढीकरण वगैरे सात. तिसरा ख्रिस्तात जगणं, त्यात दहा आज्ञा येतात. चौथा प्रार्थना, आणि तिच्या केंद्रस्थानी 'हे आमच्या स्वर्गातील बापा'.

या क्रमाला माझ्या मते मोठा अर्थ आहे. धर्म म्हटलं की मुलांना, आणि मोठ्यांनाही, आधी नियम आठवतात. हे करू नको, ते खाऊ नको, चर्चला दांडी मारू नको. पण आज्ञा तिसऱ्या भागात येतात. देवाने आपल्यासाठी काय केलं हे आधी, आपण काय करायचं हे नंतर. ज्या वर्गात पहिल्याच दिवशी आज्ञा पाठ करायला लावतात, तिथे मुलांना देव म्हणजे चुका मोजत बसलेला कोणीतरी वाटू लागतो आणि ती भीती पुढे वर्षानुवर्षं जात नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली लिहिलं होतं की कॅटेकिस्टच्या तोंडून एक घोषणा पुन्हा पुन्हा ऐकू आली पाहिजे: येशू तुझ्यावर प्रेम करतो, तुझ्यासाठी त्याने प्राण दिला, आणि आज तो जिवंत आहे, तुझ्या सोबत आहे. बाकी सगळं शिक्षण त्यातूनच उलगडत जातं.

हे वर्गात कसं घडतं ते एका तासावरून सांगते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पहिल्या ख्रिस्तप्रसादाची, म्हणजे कम्युनियनची, तयारी चालू होती. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, वापरतात ती भाकर फक्त गव्हाचं पीठ आणि पाणी यांची असते, आमच्याकडे त्यात खमीरही घालत नाहीत. अजून वेदीवर न गेलेल्या, साध्या होस्ट, म्हणजे त्या भाकरीच्या पातळ चकत्या, मी मुलांना हातात धरायला आणि खाऊन बघायला दिल्या, म्हणजे त्या दिवशी ती गांगरणार नाहीत. 'याला चवच नाही, टीचर,' एक जण म्हणाला. मग एका मुलीने विचारलं, 'फादर मिस्सेत म्हणतात, हे माझं शरीर आहे. तेव्हा चव बदलते का?'

'नाही. चव हीच राहते.'

'मग बदलतं काय?'

इथे शिक्षकाचा खरा कस लागतो. ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे: धर्मगुरू येशूचे शब्द उच्चारतात तेव्हा पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने भाकर आणि द्राक्षारस यांचं मूळ तत्त्वच बदलतं. रूप, रंग, चव, वास तसेच राहतात, पण समोर आता भाकर उरलेली नसते. तो स्वतः ख्रिस्त असतो, अगदी लहानशा कणातही संपूर्ण. मुलांना समजावं म्हणून चटकन एखादा दाखला द्यायचा मोह होतो. पाण्याचा बर्फ होतो तसं, असं सांगितलेलं मी ऐकलंय. पण तो दाखला साफ चुकीचा आहे. बर्फात तत्त्व तेच राहतं आणि रूप बदलतं. इथे नेमकं उलट आहे. मूल तो बर्फ घेऊन मोठं होतं आणि अकरावी-बारावीत गेल्यावर एक दिवस म्हणतं, हे काही पटत नाही.

मी तिला एवढंच म्हटलं की डोळ्यांना आणि जिभेला हे कळत नाही. येशूने सांगितलं म्हणून आपण मानतो. मग बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय काढला. मी जीवनाची भाकर आहे, असं येशू म्हणतो तेव्हा ऐकणाऱ्यांनाही ते जड गेलं होतं, बरेच शिष्य त्याला सोडून निघून गेले. येशूने त्यांना थांबवायला आपलं म्हणणं सौम्य केलं नाही. आपल्या बारा जवळच्या शिष्यांना त्याने विचारलं, तुम्हीही जाता का? आणि पेत्र म्हणाला, 'प्रभूजी, आम्ही कोणाकडे जाणार?' पेत्रालाही सगळं समजलं होतं असं तिथे कुठे लिहिलेलं नाही, हे मुलांच्या लगेच लक्षात आलं. नंतर आम्ही चर्चमध्ये गेलो. तांबडा दिवा तेवत असतो, जिथे ख्रिस्तप्रसाद ठेवलेला असतो, तिथे गुडघे टेकून बसलो. तो भागही शिकवण्यातलाच आहे. १९७९ साली जॉन पॉल दुसरे यांनी धर्मशिक्षणावर लिहिलेल्या पत्रात म्हटलंय की या शिक्षणाचं अंतिम ध्येय माणसाला येशू ख्रिस्ताच्या सहवासात, त्याच्या जवळिकीत आणणं हे आहे. पाठांतर लागतंच, मी त्याच्या बाजूची आहे. पण पाठांतर त्या सहवासासाठी.

दुसरा एक प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतं. 'माझे पप्पा चर्चला येत नाहीत. मग ते नरकात जाणार का?' विचारणारं मूल सहसा सगळे गेल्यावर मागे थांबतं. त्याला खोटा धीरही देता येत नाही आणि घाबरवताही येत नाही. खरं ते असं: नरक आहे असं ख्रिस्तसभा शिकवते, पण अमुक एक माणूस तिथे गेला असं तिने आजवर कोणाबद्दलही जाहीर केलेलं नाही. माणसाच्या मनातलं फक्त देवाला माहीत असतं आणि न्याय त्याचा आहे. आपल्या हातात प्रार्थना आहे, पप्पांवर प्रेम करणं आहे. मग मी त्या घरी जाऊन येते. पप्पांना उपदेश करायला नाही. मूल काय शिकतंय ते सांगायला, आणि चहा प्यायला. शिफ्ट ड्युटी, थकवा, पूर्वी चर्चमध्ये कोणाशी झालेला वाद, अशी बरीच कारणं तिथे ऐकू येतात. पुढे फादरांनी त्या घरी जायचं की नाही, ते त्यावरून ठरतं.

शिकवण माझी नव्हे

आमच्या हिंदू मैत्रिणींना कॅटेकिस्टची जागा समजावताना मला कीर्तनकार आठवतात. वारकरी कीर्तनकार उभा राहतो तो संताचा एक अभंग हातात घेऊन. निरूपण त्याचं, आवाज त्याचा, दाखले त्याच्या काळातले. पण अभंग त्याचा नसतो, आणि प्रमाण द्यायचं तर संतांच्याच वचनांचं. अभंग सोडून तो स्वतःचंच सांगू लागला तर श्रोत्यांना ते खटकतं. कॅटेकिस्टही तसाच बांधलेला आहे. मला आवडणारी शिकवण तेवढी सांगायची आणि अवघड वाटते ती गाळायची, ही मुभा मला नाही. माझे राजकीय विचार किंवा एखाद्या साक्षात्काराच्या कथेविषयीचं माझं मत शिकवायला त्या मुलांना माझ्याकडे पाठवलेलं नाही. मात्र जे सांगायचं ते माझ्या आवाजात, माझ्या जगण्यातून आलं पाहिजे, नाहीतर पुस्तक पुरेसं होतं.

हे काम किती जुनं आहे

बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एक प्रसंग आहे. इथिओपियाचा एक अधिकारी रथात बसून यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत असतो. येशूचा अनुयायी फिलिप विचारतो, वाचताय ते समजतंय का? तो म्हणतो, कोणी समजावून सांगितल्याशिवाय कसं समजणार? फिलिप रथात चढतो आणि त्याच्या शेजारी बसतो. त्याच पुस्तकात अक्विला आणि प्रिस्किल्ला हे नवराबायको भेटतात, तंबू शिवून पोट भरणारे. अपुल्लो हा मोठा वक्ता, पण त्याचं ज्ञान अपुरं होतं. या दोघांनी भर सभेत त्याला तोडलं नाही. बाजूला नेऊन देवाचा मार्ग नीट समजावला. कष्टकरी, संसारी माणसं पहिल्या शतकापासून हे काम करत आलीत.

इ.स. ४००च्या सुमारास कार्थेजमधल्या देओग्रासियास नावाच्या एका डीकनने (धर्मगुरूच्या खालोखालच्या पदावरच्या सेवकाने) संत ऑगस्टीनला कळवलं की नव्या लोकांना शिकवताना मला स्वतःलाच कंटाळा येतो, माझं बोलणं रटाळ होतं. ऑगस्टीनने उत्तरादाखल अख्खं पुस्तक लिहिलं. त्यातला सल्ला आजही जसाच्या तसा लागू पडतो: आनंदाने शिकव, तुला तुझं बोलणं वाटतं तितकं ऐकणाऱ्याला ते नीरस वाटत नसतं, आणि ऐकणारा उभं राहून थकलेला दिसला तर त्याला बसायला दे.

आपल्या भागाकडे यायचं तर संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यात उतरले आणि घंटा वाजवत रस्त्यांतून मुलांना धर्मशिक्षणाला गोळा करू लागले. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघाचे धर्मगुरू, १५७९ साली गोव्यात आले. त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून झालं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. मराठी साहित्याचा ठेवा म्हणून त्याचं कौतुक होतं ते योग्यच आहे, पण ते मुळात नव्या ख्रिस्ती लोकांना श्रद्धा शिकवण्यासाठी रचलं होतं, हे आम्ही धर्मशिक्षकांनी विसरू नये. ज्या लोकांना पुराण ऐकायची सवय होती, त्यांना त्यांनी ओवीतून शिकवलं. त्यांचं कोकणीतलं धर्मशिक्षणाचं पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली निघालं.

पुण्यातली बरीच मराठी कॅथलिक कुटुंबं मात्र मूळची नगर जिल्ह्यातली: राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, राहाता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे जर्मन जेझुइट धर्मगुरू काम करू लागले. त्यांतले फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली 'निरोप्या' हे मासिक सुरू केलं. पुढे ते पुण्याचे बिशप झाले. धर्मगुरू मोजके, गावं पुष्कळ. म्हणून गावोगावी मास्तर असत. मास्तर दिवसा शाळा घेत, संध्याकाळी लोकांना प्रार्थनेला जमवत, फादर फेरीवर येणार असले की लोकांना संस्कारांसाठी तयार करत. ज्यांची मुलं त्या काळी वर्गाबाहेर बसवली जात, अशा घरांतली पोरं या शाळांत अक्षर ओळखायला आणि जपमाळ म्हणायला एकदमच शिकली. आजही येरवडा, दापोडी, घोरपडीतल्या आजींना विचारा, 'प्रार्थना कोणी शिकवल्या?' एखाद्या मास्तरांचं नाव हमखास निघतं. या मास्तरांच्या नावाने चौक नाहीत की पुतळे नाहीत. माझ्या दृष्टीने मात्र महाराष्ट्रातल्या ख्रिस्तसभेच्या उभारणीत त्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि त्यांच्या आठवणी त्या आजी हयात आहेत तोवर लिहून घ्यायला हव्यात.

हे काम प्राणावरही बेतू शकतं. पापुआ न्यू गिनीतल्या राकुनाई गावचा पीटर टो रोट हा कॅटेकिस्ट. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने मिशनरी धर्मगुरूंना कैदेत टाकलं, तेव्हा गावातल्या प्रार्थना, बाप्तिस्मे, आजाऱ्यांची विचारपूस हे सगळं त्याने चालू ठेवलं आणि एका पुरुषाने अनेक बायका करण्याला उघड विरोध केला. १९४५ साली कैदेतच त्याला मारलं. १९ ऑक्टोबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केलं.

मग अधिकार कोण देतं?

बाप्तिस्मा झालेल्या प्रत्येकावर श्रद्धेची साक्ष देण्याची जबाबदारी येतेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, हे ठासून सांगितलं, आणि १९६५च्या मिशनकार्यावरील दस्तऐवजात कॅटेकिस्टांचा खास गौरवही केला. पण सगळ्यांची साक्ष ही एक गोष्ट आणि ख्रिस्तसभेच्या नावाने शिकवणं ही दुसरी. दुसरीसाठी ख्रिस्तसभेने पाठवावं लागतं. कोणी आपण होऊन वर्ग काढून बसलं, तर तो माणूस कितीही भाविक असो, तो पॅरिशचा कॅटेकिस्ट होत नाही.

१० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी एका फर्मानाने कॅटेकिस्टची सेवा ही प्रापंचिकांसाठीची रीतसर, कायमस्वरूपी सेवा म्हणून स्थापन केली. त्याचा विधी त्याच वर्षी डिसेंबरात प्रसिद्ध झाला आणि २३ जानेवारी २०२२ रोजी रोममध्ये पोपमहाशयांनी पहिल्यांदा स्त्री-पुरुषांना ही सेवा बहाल केली. या विधीत बिशप कॅटेकिस्टच्या हाती क्रूस देतात. विधी एकदाच होतो, पुन्हा करत नाहीत.

हे वाचून अनेकांना वाटलं की आता रविवारी शिकवणाऱ्या प्रत्येकाला हा विधी होणार. तसं नाही. त्याच वेळी रोमहून आलेल्या मार्गदर्शनात स्पष्ट केलं होतं की मुलांना किंवा प्रौढांना संस्कारांसाठी तयार करणाऱ्या सगळ्यांना या सेवेत स्थापन करण्याची गरज नाही. वर्षाच्या सुरुवातीला मंडळीसमोर त्यांच्यावर ही जबाबदारी जाहीरपणे सोपवावी. धर्मगुरू होण्याच्या वाटेवर असलेल्यांसाठी ही सेवा नाही. रीतसर स्थापन झालेले कॅटेकिस्ट कोण असावेत, याचा विचारपूर्वक निर्णय बिशपांनी घ्यायचा.

म्हणजे मैत्रिणींच्या प्रश्नाचं उत्तर असं: माझ्या पॅरिशच्या धर्मगुरूंनी, बिशपांच्या वतीने, मंडळीदेखत मला पाठवलंय. मी वेदीपुढे उभी असते, सगळी मंडळी माझ्यासाठी प्रार्थना करते. त्या प्रार्थनेशिवाय मला वर्गात पाऊल टाकायचं धाडस झालं नसतं.

पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, ओळखायचं कसं, हे त्याहून अवघड. स्वप्नात आवाज ऐकू येत नाही. बहुतेकांच्या बाबतीत कोणीतरी दुसरंच आधी ओळखतं. एखाद्या सिस्टर म्हणतात, मुलं तुझ्याभोवती थांबतात, तू का नाही येत? मनात ओढ असावी लागते, पण ती पुरत नाही. २०२० साली धर्मशिक्षणाविषयी रोमने जी नवी मार्गदर्शिका दिली, तिच्यात कॅटेकिस्टच्या घडणीची सुरुवात माहितीपासून होत नाही. तू कसा माणूस आहेस आणि इतरांसोबत कसा राहतोस, हे आधी, मग ज्ञान, मग शिकवण्याचं कसब. मला हे पटतं. उत्तम शिकवणारे पण मुलांवर खेकसणारे शिक्षक पाहिलेत, आणि बोलताना अडखळणाऱ्या एक बाई पाहिल्यात ज्यांची मुलं वीस वर्षांनी लग्नाची पत्रिका घेऊन आधी त्यांच्या दारी येतात. स्वतः मिस्सेला नेमाने जाणं, पापनिवेदन करणं, शुभवर्तमान रोज थोडं वाचणं हे नसेल तर बाकीचं फार काळ टिकत नाही.

पुण्यात शिकवताना

पुण्याच्या पॅरिशमध्ये भाषांचा प्रश्न मोठा आहे. मराठी, इंग्रजी, कोकणी, तमिळ, मल्याळम, सगळे एकाच अंगणात. मुलं इंग्रजी शाळेत जातात, म्हणून धर्मशिक्षणही सोयीने इंग्रजीत होतं. मग घरी आजी 'नमो मरिये' सुरू करते आणि नातवाला पुढचं येत नाही. माझं मत ठाम आहे: धडा कुठल्याही भाषेत घ्या, पण प्रार्थना घरच्या भाषेत आलीच पाहिजे, कारण आजीच्या उशाशी बसून म्हणायची वेळ येते तेव्हा इंग्रजी उपयोगी पडत नाही. मराठीत आता साधनंही आहेत. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' मोठ्या मुलांच्या हाती देता येतं.

दुसरं, शेजाऱ्यांच्या धर्माविषयी काय शिकवायचं? सिटी चर्च नाना पेठेत, आणि तुकोबांच्या पालखीचा मुक्काम ज्या निवडुंग्या विठोबाच्या देवळात असतो तेही नाना पेठेत. मुलं विचारणारच. ख्रिस्तसभेने १९६५ साली स्पष्ट सांगितलंय की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही ती नाकारत नाही. पुण्याचे माजी बिशप थॉमस डाबरे यांनी तुकारामांच्या देवानुभवावरच आपला प्रबंध लिहिला. त्याच वेळी, येशू हाच जगाचा तारणारा आहे ही आमची श्रद्धाही मी आडपडदा न ठेवता शिकवते. वर्गमित्राच्या देवाची टिंगल करणं हे पाप आहे आणि स्वतःच्या श्रद्धेची लाज वाटणंही योग्य नाही, या दोन्ही गोष्टी नऊ वर्षांच्या मुलाला व्यवस्थित कळतात. शाळेत 'तुम्ही बाटलेले ना?' असं ऐकून आलेल्या मुलाला तर त्या फार लवकर कळाव्या लागतात.

प्रौढांचं थोडक्यात. कोणी आपल्या मर्जीने श्रद्धा समजून घ्यायला आलं, तर त्याची वाटचाल टप्प्याटप्प्याने होते आणि कुठल्याही टप्प्यावर त्याला थांबता येतं. कोणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध श्रद्धेत ओढू नये, असं कॅनन लॉचं ७४८वं कलम सांगतं. चर्चमध्ये लग्न करायचं म्हणून जोडीदाराने धर्म बदललाच पाहिजे, हा गैरसमज पुण्यात फार आहे. बिशपांची परवानगी घेऊन धर्म न बदलता लग्न होतं.

आणि मुलांची सुरक्षितता. वर्गात एकटा मोठा माणूस आणि एकटं मूल बंद दाराआड कधीच असू नये. दार उघडं, जवळपास दुसरं मोठं माणूस. मुलाने काही त्रास सांगितला तर तो ऐकून घ्यायचा आणि कळवायचा. लैंगिक त्रास असेल तर पोलिसांना कळवणं २०१२च्या पॉक्सो कायद्याने, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याने, बंधनकारक आहे. चर्चची बदनामी होईल म्हणून गप्प बसायला कोणी सांगितलं, तर त्याचं ऐकायचं नाही.

कोणाला ही ओढ वाटत असेल, तर शाळा सुरू व्हायच्या आधी, मे महिन्यातच आपल्या पॅरिशच्या फादरांना भेटावं. लगेच वर्ग मागू नये. पहिलं वर्ष अनुभवी शिक्षिकेच्या मदतीला बसावं, हजेरी घ्यावी, मुलांची नावं आणि घरं ओळखावीत. अभ्यासाची गोडी असेल तर रामवाडीला ज्ञानदीप आणि पेपल सेमिनरी आहेत, तिथल्या प्राध्यापकांची व्याख्यानं आपल्याच शहरात ऐकायला मिळतात. घरच्यांशी आधी बोलून घ्यावं, कारण रविवारची सकाळ त्यांच्याकडूनही जाणार असते. आणि मराठीतून शिकवता येत असेल तर फादरांना ते पहिल्या भेटीतच सांगावं. मराठी वर्गाला शिक्षक मिळत नाहीत म्हणून तो इंग्रजी वर्गात मिसळून टाकायची वेळ अनेक ठिकाणी येते.